आयत्या वेळचा विषय

दोन माणसं टेप लावून वाचनालयाची भिंत मोजत होती, आणि ज्ञानदाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

सकाळचे दहा वाजले होते. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी रोजची म्हातारी मंडळी बसली होती. टेपवाल्यानं त्यांच्यातल्या एकाला "आजोबा, पाय घ्या जरा वर" म्हटलं आणि आजोबांनी पेपरातून डोकं न काढता पाय वर घेतले. ज्ञानदाला पहिला राग आला तो त्या पायांचा. कोण आलंय, काय मोजतंय, कशाला मोजतंय, काही म्हणून विचारायचं नाही. सांगितलं की पाय वर.

"काय चाललंय?" म्हणत ती काउंटरमागून उठून पुढं आली.

टेपवाल्यांबरोबर साईराज होता. साईराज हा लालासाहेबांचा पुतण्या, आणि लालासाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, पतसंस्थेचे चेअरमन आणि वडजाई गावात जिथं जिथं खुर्चीला हात असतात तिथं तिथं बसलेला माणूस.

"शाखा येतीया मॅडम हितं, पतसंस्थेची," साईराज म्हणाला. "स्टँडसमोर अशी जागा दुसरी हाय का सांगा. काउंटर दारापाशी, आन् तिजोरी आत, तुमच्या पुस्तकांच्या खोलीत."

"आणि पुस्तकं?"

"पाण्याच्या टाकीखाली खोली हाय की पंचायतीची. मोकळीच पडलीया."

ती खोली ज्ञानदाला माहीत होती. तिथं ब्लीचिंग पावडरची पोती ठेवत असत, आणि ओलीनं ती पोतीसुद्धा फुटत. अकरा हजार पुस्तकांचा तिथं एका पावसाळ्यात लगदा झाला असता.

"कुणी ठरवलं हे?"

साईराजनं खिशातून घडी घातलेला झेरॉक्स काढला. "सभेनं. तुमचंच अक्षर हाय की."

ती ऑगस्टमधल्या वार्षिक सभेच्या प्रोसिडिंगची शेवटची दोन पानं होती. वरचं अर्धं पान तिच्या अक्षरात: पुस्तक खरेदी, दिवाळी अंक, खिडक्यांच्या जाळ्या. त्याखाली तिनंच लिहिलेला मथळा, 'आयत्या वेळचे विषय'. आणि मथळ्याखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात चार ओळी. वाचनालयाची जागा तीस वर्षांच्या करारानं पतसंस्थेला देण्यात यावी, पुस्तकं सोयीच्या ठिकाणी हलवावीत, सर्वानुमते मंजूर. सूचक सुभेदार मानसिंग, अनुमोदक रंगुबाई. पुढच्या पानावर सभासदांच्या सह्या.

सह्या अस्सल होत्या. त्या तिनंच घरोघर फिरून आणल्या होत्या.

हे वाचून कुणाला वाटेल की बाई चोरांना सामील होती. सामील नव्हती. मूर्ख होती, असं मात्र त्या दुपारी तिचं तिलाच वाटत होतं, आणि तेही सभ्य शब्दांत नव्हे.

वीस वर्षांपूर्वी ती वाईहून लग्न होऊन वडजाईत आली आणि वर्षभरात ग्रंथपाल म्हणून लागली. पहिल्या वार्षिक सभेला तिनं पन्नास जणांचा चहा सांगितला होता. आले चौघे. त्यातला एक तर कडेगावची एसटी चुकली म्हणून सावलीला आला होता. तेव्हाचे अध्यक्ष, आता ते नाहीत, सगळा चहा परत पाठवत म्हणाले, "बाई, लिहून टाका की. सह्या काय, घरी जाऊन घेता येतात." तिनं लिहून टाकलं. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी पानं उलटली, सह्या पाहिल्या, शेरा मारला आणि गेले. मग काय, दर ऑगस्टला टेबलाशी बसून एकटीनं सभा घ्यायची. 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असं लिहायचं, आणि खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नसायचा.

दूध डेअरी असो की विकास सोसायटी, नोटिशीतला शेवटचा विषय गावोगाव एकच असतो: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आयत्या वेळी कुणी काही मांडत नाही, कारण आयत्या वेळी कुणी आलेलंच नसतं. तरी ज्ञानदा त्या मथळ्याखाली अर्धं पान कोरं सोडायची. अध्यक्षांना काही घालायचं असलं तर असावं, म्हणून. ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. तिनंच घालून घेतली होती, नीटनेटकेपणा म्हणून.

मग वही काखेत मारून गावभर. कुणी गोठ्यात, कुणी पिठाच्या हातानं. "वाचून बघा," ती म्हणायची. "आवं बाई, तुमच्यावर इस्वास हाय," असं म्हणून लोक सही ठोकायचे, आणि तिला बरं वाटायचं. दरवर्षी बरं वाटायचं! आता ते आठवून तिच्या अंगाची लाही होत होती. सप्टेंबरात लालासाहेबांनी 'ऑडिटला पाहिजे' म्हणून वही मागवून घेतली, चार दिवसांनी परत पाठवली, आणि तिनं ती उघडूनसुद्धा न बघता कपाटात ठेवली होती. लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला आणि तिनं लालासाहेबांवर. वाचलं कुणीच नाही. वाचनालयात.

ती तशीच पतसंस्थेत गेली.

"या ताई, बसा. च्या सांगू?" लालासाहेबांचा आवाज नेहमीच मऊ असायचा. ओरडायची वेळ यावी इतकं कुणी त्यांना कधी अडवलंच नव्हतं.

"चहा नको. या चार ओळी कुणाच्या?"

"सभेच्या."

"सभा झालीच नाही."

"झाली न्हाई?" त्यांनी झेरॉक्स आपल्याकडं वळवला, चष्मा नाकावर घेतला आणि सावकाश वाचलं, "'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' हे अक्षर कुणाचं वो ताई?"

ज्ञानदानं झेरॉक्स त्यांच्यापुढून ओढून घेतला.

"न्हाई, माझं म्हणणं काय, ही सभा झाली न्हाई म्हटलं की मागच्या एकुणीस बी झाल्या न्हाईत. मग तुमी खोट्या ठरणार. आन् वाचनालयाची मान्यता ऱ्हाती का जाती, देव जाणे. तवा शांत डोक्यानं इचार करा. टाकीखाली बी ग्रंथपाल लागंलच की. तुमची नोकरी कुटं जात न्हाई."

समोरचा पेपरवेट उचलून काचेवर मारावा असं तिला फार वाटलं. त्या माणसानं चोरी केली होती आणि तो तिलाच सांभाळून घेत होता! त्याहून वाईट हे, की त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. ती उठून बाहेर आली तेव्हा आतली माणसं एकमेकांकडं बघत होती.

नवरा देवदत्त मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगितलंस तर नोकरी जाईल," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"गेली तर गेली, असं मी म्हणणार नाही. एकोणीस वर्षं तू तिथं काढलीस. तूच ठरव."

निदान हा तरी 'शांत डोक्यानं' म्हणाला नाही, एवढ्यावर ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुभेदार मानसिंग आले. ते रोज आठलाच येत आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत. निविदा सूचनासुद्धा सोडत नसत. कुठल्या गावच्या गटाराचं टेंडर निघालंय हे वडजाईत फक्त त्यांना ठाऊक असायचं. ज्ञानदानं झेरॉक्स त्यांच्या पेपरावरच ठेवला.

त्यांनी दोनदा वाचलं. कानापर्यंत लाल झाले. "मी सूचक? माझी नात हितं बसून परीक्षेचा अभ्यास करती, आन् मी जागा द्या म्हणून सांगीन? कुणी लिवलं हे?"

"ते सोडा. सही कुणाची?"

सुभेदारांनी सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आवं, फौजेत सवय लागली. सायबानं कागद पुढं केला की सही करायची. इचारायचं न्हाई."

"मी साहेब नाही, सुभेदार. आणि ही फौज नाही. कुठल्या गटाराचं टेंडर आलं ते तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. आणि स्वतःच्या सहीवरचं अर्धं पान कोरं आहे, हेसुद्धा बघत नाही?"

एवढं कडक ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. टेबलावरच्या बाकीच्यांनी पेपर तोंडासमोर धरले. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "आता काय करायचं ते सांगा."

करायचं काय, ते वाचनालयाच्या घटनेत होतं. पिवळं पडलेलं ते छापील पुस्तक सुभेदारांच्या नातीनं, अंकितानं, एका बैठकीत वाचून काढलं. फौजदारकीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी ती पोरगी, कलमं तिला गोष्टीसारखी वाचता यायची. एकवीस सभासदांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षांना विशेष सभा बोलवावी लागते. मात्र दोनशे चार सभासदांपैकी अडुसष्ट जण अर्ध्या तासात हजर झाले नाहीत तर ती सभा रद्दच, आणि मग वर्षभर तोच विषय पुन्हा आणता येत नाही.

"अडुसष्ट," ज्ञानदा म्हणाली. "इथं कधी आठ आले नाहीत."

मागणीच्या सह्या घ्यायला ती आणि अंकिता निघाल्या. पहिल्याच दारात दादासो नावाच्या पोल्ट्रीवाल्यानं कागद घेतला, भिंतीला लावला आणि "हितं का?" म्हणत पेन टेकवलं. ज्ञानदानं कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"आधी वाचा!"

"आवं बाई, तुमच्यावर..."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. विश्वास ठेवलात म्हणून तर ही वेळ आली. वाचा!"

दादासो बावरून वाचायला लागला. तिसऱ्या ओळीशी त्याचा चेहरा बदलला. एकवीस सह्यांना तीन दिवस लागले, कारण ती प्रत्येकाला समोर बसवून वाचायला लावत होती, आणि जो वाचायला कंटाळला त्याची सही तिनं घेतली नाही. गावात बोलणं सुरू झालं, बाईचं डोकं फिरलंय.

रंगुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. सत्तरी उलटलेली बाई, आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवायची आणि वर ग्रंथपालाला ऐकवायची की शेवट लेखकाला जमलेला नाही. ज्ञानदानं त्यांना आत जाऊन चष्मा आणायला लावला.

"अनुमोदक म्हंजी काय गं?"

"जागा पतसंस्थेला द्या म्हणणारी दुसरी व्यक्ती. पहिले सुभेदार, दुसऱ्या तुम्ही."

"मुडदा बशिवला त्येचा!" रंगुबाईंनी सुपातल्या शेंगा लोटून दिल्या. "माझ्या नावानं? मी कवा म्हटलं? मला इचारलं का कुणी?" मग त्या एकाएकी थांबल्या. "पर सही माझीच हाय, व्हय ना?"

"हो."

"मग कुनाला शिव्या द्यायच्या गं बाई," असं म्हणून त्या खाली बसल्या आणि मागणीचा कागद पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागल्या.

सभेची तारीख लालासाहेबांनी तत्परतेनं काढली, जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी अकरा. दोन दिवसांनी चौकात फलक लागला: त्याच रविवारी सकाळी नऊ वाजता म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दर्शनाला मोफत तीन गाड्या, जेवणासह, लालासाहेब मित्रमंडळातर्फे. ज्ञानदानं तो फलक वाचला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवालासुद्धा सोडलं नाही या माणसानं.

"देवाला जायचंय, न्हाई कसं म्हणायचं," असं म्हणणारे तिला त्या आठवड्यात चाळीसएक भेटले. दिवाळी अंक आधी मला मिळाला पाहिजे म्हणून भांडणारे हेच होते. मुलाला नोकरी लागली तेव्हा 'वाचनालयामुळं लागली' म्हणत पेढे आणून देणारेही हेच. "सिद्धनाथ सोमवारीही तिथंच असतो," ती म्हणायची. ते हसायचे. तिला हसू येत नव्हतं.

रविवारी तिनं साडेदहालाच हजेरीची वही दाराशी मांडली. अकराला वहीत एकोणतीस सह्या होत्या. सव्वाअकराला एक्कावन्न. अंकिता स्कूटरवर गावात फेऱ्या मारून एकेकाला घेऊन येत होती. अभ्यासाला बसणाऱ्या पोरी बारा आल्या, पण त्यातल्या सात जणींची नावं यादीतच नव्हती. कार्ड बापाच्या नावावर, बाप म्हसवडला. "आमी रोज येतो, आमाला मत न्हाई?" त्यातली एक रडकुंडीला आली. "नाही," ज्ञानदा म्हणाली. "बापाला आधी सांगायला हवं होतंस." कठोर वाटलं तरी तिला त्या दिवशी कुणालाच गोड बोलायचं नव्हतं.

अकरा वाजून चोवीस मिनिटांनी उसाच्या फडातून दोघे भाऊ तसेच उठून आले, पाचटानं हात ओरखडलेले. सहासष्ट. मागोमाग दादासो बायकोला घेऊन आला, पण सभासद तो एकटाच. सदुसष्ट.

मग बराच वेळ दारात कुणी आलं नाही. सुभेदार घड्याळ बघत होते. रंगुबाई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. अकरा अठ्ठावीसला बाहेर गाडीचं दार वाजलं आणि लालासाहेब आत आले, पांढरेशुभ्र, साईराज मागं. सभा रद्द झाल्याचं जाहीर करायला त्यांनी वेळ साधली होती. ते हसत हसत सगळ्यांना नमस्कार करत खुर्चीकडं निघाले.

"लालासाहेब," सुभेदारांनी वही त्यांच्यापुढं धरली. "आधी हजेरी लावा. अध्यक्ष म्हणून बसायचं तर सही पाहिजे."

"लावू की." लालासाहेबांनी खिशातलं पेन काढलं, वहीकडं न बघता, समोरच्या कुणाशी तरी बोलत बोलत, सही केली. खुर्चीत बसले. घड्याळाकडं पाहिलं. "तर मंडळी, गणपूर्ती काय झालेली दिसत न्हाई. तवा नियमापरमाणं ही सभा..."

"झाली आहे," ज्ञानदा म्हणाली. "अडुसष्ट."

"सदुसष्ट असत्याल. मी आत्ता भायेर इचारून आलो."

"अडुसष्टावे तुम्ही."

क्षणभर काही कळलं नाही. मग रंगुबाई पदराआडून मोठ्यांदा हसल्या आणि सगळी खोली हसली. लालासाहेबांनी वही ओढून पाहिली. त्यांची सही शेवटची होती, ठसठशीत, खाली रेघ मारलेली. साईराज पुढं येऊन काही कुजबुजला, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं.

"बरं, झाली गणपूर्ती," ते म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "मग घ्या विषय. ताई, ऑगस्टच्या सभेचं प्रोसिडिंग वाचा. सगळ्यांना ऐकू द्या. आन् शेवटी एवडंच सांगा, ही सभा झाली हुती का न्हाई."

हसणं थांबलं. ज्ञानदानं वही उघडली. तिनं सगळं वाचलं, खेळीमेळीच्या वातावरणासकट, तिरप्या अक्षरातल्या चार ओळींसकट. समोर सदुसष्ट सभासद होते आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी ती हीच वही घेऊन गेली होती.

"ही सभा झाली नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षीची झाली नाही. त्याच्या मागची झाली नाही. मी इथं नोकरीला लागल्यापासून या वाचनालयाची एकही वार्षिक सभा झालेली नाही. सगळी प्रोसिडिंगं मी या टेबलाशी बसून लिहिली. या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. पण त्या लिहायला कोरी जागा मी सोडली."

खोलीत गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी आमच्या सह्या खोट्या?"

"सह्या खऱ्या आहेत!" तिचा आवाज इतका चढला की बाहेर स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "सह्या खऱ्या आणि आपण खोटे! मी खोटी, आणि तुम्हीही. 'मी सभेला हजर होतो' याच्याखाली सही केलीत ना? होतात हजर? एकदा तरी विचारलंत मला, बाई, सभा कधी झाली? पुस्तक पाच मिनिटं उशिरा मिळालं तर भांडता, आणि वाचनालय गेलं तर कुणाला पत्ता नाही. चोर घरात शिरला नाही, त्याला दार आपण सगळ्यांनी मिळून उघडून दिलं!"

लालासाहेब समाधानानं मागं टेकले होते. त्यांना वाटलं, बाईनं स्वतःच्या हातानं सगळं बुडवलं.

सुभेदार मानसिंग उठले. सावधान उभं राहावं तसे उभे राहिले. "ती सही माझी हाय. त्या दिवशी मी कोयनानगरला लेकीकडं हुतो. सभेला नव्हतो. ठराव मी मांडला न्हाई. हे लिवून घ्या."

"माझी बी सही हाय," रंगुबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मी घरात पापड लाटत हुते. लिव."

मग दादासो. मग उसातले दोघे भाऊ. एकेक उठत होता, आपण त्या दिवशी कुठं होतो ते सांगत होता, आणि ज्ञानदा लिहीत होती. कुणाच्या आवाजात लाज होती, कुणाच्या आवाजात चीड. त्रेचाळीस जणांनी सांगितलं. मग अंकितानं ठराव मांडला, तिचं कार्ड तिच्याच नावावर होतं: न झालेल्या सभेतला ठराव रद्दबातल, जागा वाचनालयाचीच राहील, आणि या सगळ्याची प्रत धर्मादाय कार्यालयाला उद्याच पाठवावी. सुभेदारांनी अनुमोदन दिलं. हात वर करा म्हटल्यावर लालासाहेबांचा सोडून सगळे हात वर गेले.

"झालं?" लालासाहेब म्हणाले. आता आवाजातला मऊपणा गेला होता. "मग दुसरा ठराव माझा. एकुणीस वर्सं खोटं प्रोसिडिंग लिवणारी बाई हितं कामाला ठेवायची का? सगळ्यांसमोर कबूल केलंय तिनं. कामावरनं कमी करा. सूचक मी. लिवा ताई, तुमच्याच हातानं लिवा."

"ए!" सुभेदार पुढं झाले.

"थांबा," ज्ञानदा म्हणाली. "ते बरोबर बोलतायत."

"बाई..."

"बरोबर बोलतायत म्हटलं ना!" तिनं लिहायला घेतलं. ग्रंथपाल यांनी न झालेल्या सभांची इतिवृत्ते लिहिल्याचे मान्य केले असल्याने त्यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं याचा तिला राग आला. "अनुमोदक?"

सगळे खाली बघत होते. अनुमोदक नसेल तर ठराव पडतो हे तिला माहीत होतं. लालासाहेबांनाही माहीत होतं. साईराज सभासदच नव्हता.

"अनुमोदक कोण?" ती पुन्हा म्हणाली. "मला वाचवायला गप्प बसणार असाल तर आजची सभासुद्धा खोटीच झाली."

अंकिता उठली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. "माझं अनुमोदन," ती म्हणाली.

"अगं ए भवाने!" रंगुबाई किंचाळल्या. सुभेदारांनी नातीकडं असं पाहिलं की ती तिथंच कोसळायची. पण ती उभी राहिली, आणि ज्ञानदाला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की तिला मान खाली घालावी लागली. ठराव सात मतांनी मंजूर झाला. बाकीच्यांनी हातच वर केले नाहीत, ना या बाजूनं ना त्या.

सह्यांना वही फिरवायच्या आधी तिनं कोरी उरलेली जागा तिरक्या रेघेनं खोडली. प्रत्येकाला वाचायला लावलं. दुसरा ठराव वाचताना बायका डोळे पुसत होत्या. दादासोनं दोनदा पेन खाली ठेवलं. "सही ही वाचल्याची आहे, पटल्याची नाही," ती त्याला म्हणाली. "करा."

"अजून एक राहिलं," वही परत आल्यावर ती म्हणाली. "त्या चार ओळी ज्यांनी घुसडल्या त्या अध्यक्षांना काढायचा ठराव. तो कोण मांडतंय?"

पुन्हा खोलीत कुणी हलेना. पतसंस्थेचं कर्ज कुणावर नव्हतं? लालासाहेब संचालक होते त्या साखर कारखान्याला ऊस कुणाचा जात नव्हता? सुभेदार छताकडं बघायला लागले. लालासाहेब उठले, त्यांनी झब्बा नीट केला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांच्यावर ठराव आला नाही, सूचकच मिळाला नाही.

ज्ञानदाला वाटलं, या सगळ्यांना घालवून द्यावं, दाराला कुलूप लावावं आणि वाईला निघून जावं. तिनं टेबलाचा खण उघडला. पण त्यातून कुलूप नाही, सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला. कर्मचाऱ्याला सभासद होता येत नाही, असं घटनेत होतं. ती आता कर्मचारी नव्हती. तिनं उभ्या उभ्याच अर्ज भरला, खाली सही केली आणि शिफारशीसाठी सुभेदारांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, मग सही केली.

"आता मी सभासद," ती म्हणाली. "अध्यक्षांना काढायचा ठराव पुढच्या सभेत मी मांडणार. सूचक मी. अनुमोदक कोण, ते आत्ताच सांगा. नंतर घरी सही घ्यायला मी येणार नाही."